घोटा सोडायचा मोसम

काल संध्याकाळी साडेपाचला मी हॉलची खिडकी उघडली. मे महिन्यात बंद केलेली खिडकी. खाचेत बारीक वाळू बसलेली, त्यामुळे सरकताना ती कुरकुरली. बाहेरची हवा थंड नव्हती, पण अंगावर धावूनही आली नाही, आणि दुबईत ऑक्टोबरच्या अखेरीला माणसं एवढ्यावर खूश होतात. खालच्या पार्कात हिरवळीवर पाणी सोडलं होतं. इथल्या हिरवळीला शुद्ध केलेलं सांडपाणी देतात. त्याला एक ओलसर, जरासा कुबट वास असतो. नवीन आलेली माणसं नाक मुरडतात. मी खिडकीत उभी राहून तो छातीभर घेतला.

"मम्मा, क्लोज इट. इट्स स्टिंकी," सोफ्यावरून ओवी म्हणाली. ओवी माझी मुलगी, सात वर्षांची.

"नाही करणार," मी म्हटलं. "तूच इकडे ये आणि वास घे."

ती आली नाही. तिला काय सांगू, की हा वास आला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात, आणि अकरा वर्षांपूर्वीचा एक मोसम पायांतून वर चढायला लागतो.

त्या ऑक्टोबरात मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गातल्या मुली अठराच्या. त्या शाळेत जात होत्या तेव्हा मी कबड्डी खेळून पगार घेत होते. मुंबईतल्या एका कंपनीच्या महिला संघात मी सात वर्षं डावी कोपरारक्षक होते. सकाळी मस्टरवर सही करायची आणि मैदान गाठायचं, टेबलखुर्ची नावाला. आमच्या गावात, पेणच्या अलीकडे, लोक वडिलांना विचारायचे, "पोरगी काय करते?" वडील म्हणायचे, "खेळते." "आणि नोकरी?" "तीच नोकरी." हे सांगताना ते मिशीवरून हात फिरवत. त्या मिशीसाठीसुद्धा मी बऱ्याच जणींचे घोटे धरलेत.

मग कंपनीने संघ बंद केला. चार ओळींचं परिपत्रक निघालं आणि आम्हा बाराजणींना डिस्पॅचमध्ये बसवलं. आठ महिने मी पाकिटांवर शिक्के मारले. नितीनचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बरा दिसला, पण होकार मी दुबईला दिला. हे त्यालाही माहीत आहे, आणि भांडणात तो ते बरोबर वेळेला काढतो.

दुबईच्या देरा भागात आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं. नितीन जबल अलीतल्या एका गोदामात नोकरीला. कंपनीची बस सहाला यायची, की मग दिवसभर मी आणि एसीचा आवाज. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेले की पहिला प्रश्न शिक्षणाचा. "बारावी." "आणि पुढे?" "पुढे कबड्डी." "अय्या, मस्तच," असं म्हणून बाई शेजारच्या इंजिनीअर बाईकडे वळायची. तिसऱ्या वेळी मी वाण पर्समध्ये टाकलं, घरी आले आणि नितीनला सांगितलं की मी कॉलेजात नाव घालणार.

नितीनच्या मते पदवी हा बहाणा होता. ते अगदीच खोटं नाही. कबड्डीत चढाईला प्रतिस्पर्धी आत आली की आम्ही एकमेकींचे हात धरून साखळी करतो. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा उजवा हात कायम कुणाच्या तरी हातात असतो. सात वर्षं माझा असा होता. देरात आल्यापासून तो रिकामा होता, आणि रस्त्याने चालताना त्या हाताचं काय करायचं ते मला कळत नसे. मला संघ हवा होता. कसला का असेना.

म्हणून कँटीनबाहेरच्या फळ्यावर कागद दिसला तेव्हा मी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला. विमेन्स रग्बी. ओपन ट्रायल्स. नो एक्सपिरियन्स नीडेड. बोलावणं कुणालाच नव्हतं. ज्याला यायचं त्याने चालत यावं. रग्बीबद्दल मला इतकंच ठाऊक होतं, की त्यात चेंडू लांबट असतो आणि माणसं एकमेकांना पाडतात. चेंडूचं बघू म्हटलं. पाडता मला येत होतं.

"अगं, सिरियसली?" नितीन म्हणाला. "समोर जिम आहे ना. मंथली दीडशे दिरहम, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. तिथे जा. रग्बीत हाडं मोडतात. इन्शुरन्सवाले क्लेम पास करणार नाहीत."

"मला घाम गाळायचा नाहीये, नितीन."

"मग काय करायचंय?"

"खेळायचंय."

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताना त्याच्या हातात बुटांचा खोका होता. एक नंबर मोठा, पण खिळ्यांचे बूट होते. मी पुढे कापूस भरला.

ट्रायलला एकवीस मुली होत्या. प्रशिक्षक ग्लेन नावाचे अमेरिकन गृहस्थ, पन्नाशीचे, मान उन्हाने तांबडी झालेली, डोक्यावर गवती टोपी. ते वहीत प्रत्येकीचं नाव आणि आधीचा खेळ लिहीत होते. कुणी बास्केटबॉल, कुणी पोहणं, बऱ्याचजणी काहीच नाही. माझी पाळी आली.

"कबड्डी," मी म्हटलं. "प्रोफेशनल."

त्यांची पेन्सिल थांबली. "प्रोफेशनल?"

"सेव्हन इयर्स. विथ सॅलरी."

ते हसले आणि वहीत काहीतरी खरडलं. हा माणूस माझ्या खेळाला हसला असं मला वाटलं, आणि मी मनात म्हटलं, थांब जरा, तुला दाखवतेच.

दाखवलं. हुदा नावाची सुदानी मुलगी संघाची कर्णधार होती, एकोणीस वर्षांची, उंच, पळायला लागली की दोन पावलांत दिसेनाशी होणारी. ती चेंडू घेऊन माझ्या बाजूने निघाली. तिने मला चुकवलं असं तिला वाटलं तेव्हा मी खाली झेपावले आणि तिचा डावा घोटा दोन्ही हातांनी धरला. ती आडवी झाली. शिट्टी वाजली. कबड्डीत पकडीनंतर शिट्टी वाजली की गुण. मी एका हाताने तिचा घोटा तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून पंचाकडे बघावं तसं ग्लेनसाहेबांकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय भाव असतील ते मला आजही दिसतात.

कुणीच टाळी वाजवली नाही.

"खलास, आंटी," खालून हुदा शांतपणे म्हणाली. "लिव्ह माय लेग, हबीबती." हबीबती म्हणजे अरबीत लाडके.

शिट्टी माझ्याविरुद्ध होती. रग्बीत म्हणे पाडायचं आणि पाडल्याबरोबर सोडायचं. ज्याला पाडलं त्याला जमिनीवर धरून ठेवणं हा गुन्हा. ग्लेनसाहेबांनी नीट समजावलं, मी मान डोलावली, आणि पुढच्या दोन्ही वेळा हेच केलं. तीन पकडी, तिन्ही अचूक, तिन्ही वेळा दंड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर सात वर्षं पगार देऊन जोपासलेली.

ही खोड मुळात आप्पांची. आप्पा म्हणजे आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे प्रशिक्षक. दिवसा भाताच्या गिरणीत काम करायचे, संध्याकाळी आम्हा मुलींना मातीत लोळवायचे. बारा वर्षांची असताना त्यांनी मला विहिरीवरच्या खांबाला धरायला लावलं आणि चौघींना माझे पाय ओढायला सांगितलं. "हात तुटला तरी चालंल," ते म्हणायचे, "घोटा सुटता कामा नये." माझी नखं उलटली, पण खांब सुटला नाही. त्या दिवशी आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही पोरगी खेळणार. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं ते त्या न सोडण्यातून घडलं, आणि आता एक टोपीवाला मला सांगत होता की सोड.

घरी आम्ही हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि दोन गाद्या जमिनीवर टाकल्या. नितीन कामावरून यायचा, पाय धुवायचा आणि उशी काखेत धरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे धावायचा. मी त्याला पाडायचे. मग तो पडल्या पडल्या ओरडायचा, "सोड." मी सोडायचे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन सेकंद उशीर व्हायचा. हात ऐकायचेच नाहीत. डोकं सांगतंय, तोंडाने मी 'सोड' म्हणतेय, आणि बोटं आपली आप्पांची.

"रेश्मा, माझा पाय आहे तो, सरकारी मालमत्ता नाही," नितीन म्हणायचा.

चौथ्या दिवशी वॉचमन वर आला. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती. "मॅडम, नीचेवाला पूछता है, घर में झगडा होता है क्या रोज?" नितीन घोटा चोळत दारात उभा होता. तो म्हणाला, "भाईसाब, झगडा नहीं, प्रॅक्टिस है." वॉचमनने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचा काही विश्वास बसला नाही. त्यानंतर जिन्यात भेटला की तो नितीनची फार आस्थेने चौकशी करायचा.

मला हसू येतं ते आठवून. तेव्हा मात्र मी रोज रडकुंडीला यायचे. लग्नाच्या नवऱ्याला पाडायला काय लागतं. प्रश्न हा होता की माझ्याकडे एकच विद्या होती आणि तीच आडवी येत होती.

दोन आठवड्यांनी बारा नावांची यादी फळ्यावर लागली. माझं नव्हतं. यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग कँटीनमध्ये जाऊन कडक चहा मागवला, प्यायले, आणि संध्याकाळी पाच वाजता बूट घालून मैदानावर गेले.

ग्लेनसाहेबांनी विचारलं, यादी बघितली नाही का. मी सांगितलं, बघितली. मग?

"प्रॅक्टिसला टॅकल बॅग धरायला कुणीतरी लागेल ना," मी म्हटलं.

टॅकल बॅग म्हणजे माणसाच्या उंचीची स्पंज भरलेली गादी. ती धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी येऊन धडका मारायच्या. ते मला नको म्हणू शकले असते. त्यांनी गादी माझ्याकडे सरकवली. तिथून पुढे साडेतीन महिने, आठवड्यातून चार दिवस, त्या कुबट वासाच्या हिरवळीवर मी अठरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या धडका झेलल्या. अंगात नंबर नसलेलं पिवळं जाळीचं बनियन. मॅचच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि रेषेबाहेर उभं राहायचं. अपमान वाटायचा का? वाटायचा. पण डिस्पॅचमध्ये शिक्के मारताना जे वाटायचं त्याच्या पासंगालाही तो पुरत नव्हता. इथे निदान घाम येत होता.

एकदा प्रॅक्टिस संपल्यावर ग्लेनसाहेब बाकावर माझ्या शेजारी बसले. मी बुटातला कापूस बदलत होते. त्यांनी ती वही काढली आणि ट्रायलच्या दिवसाचं पान माझ्यापुढे धरलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, कबड्डी, प्रोफेशनल. आणि त्यापुढे, 'माझ्यासारखी'.

मग त्यांनी सांगितलं. ते अठराव्या वर्षी बेसबॉलचे व्यावसायिक खेळाडू झाले होते. मोठ्या संघांच्या खाली छोट्या गावांतले छोटे संघ असतात, त्यांत. रोज बसप्रवास, स्वस्तातलं हॉटेल, रोज खेळ. सात वर्षांनी एका सकाळी बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. पंचविसाव्या वर्षी ते कॉलेजात गेले आणि कुणी न बोलावता तिथल्या फुटबॉल संघाच्या मैदानावर जाऊन उभे राहिले. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. त्यांच्याकडे असे बरेच असतात म्हणे: बेसबॉलने सोडलेले, वयाने थोराड, शिष्यवृत्ती नाही, जागेची खात्री नाही, नुसते चालत आलेले. पोरं त्यांना आजोबा म्हणायची.

"आणि पहिल्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

ते टोपी काढून हसायला लागले. उंच उडालेला चेंडू त्यांच्याकडे आला. असा चेंडू झेलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी तो झेलला. आता तो पोटाशी धरून पुढे धावत सुटायचं, एवढंच काम होतं. पण बेसबॉलमध्ये झेल घेतला की चेंडू ताबडतोब आत फेकायचा असतो. त्यांनी फेकला. सरळ, जोरात, सुंदर. प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

मी इतकी हसले की हुदा लांबून बघायला लागली.

"हात किती दिवसांनी विसरले?" मी विचारलं.

ते म्हणाले, हात विसरत नाहीत. त्यांना पुढचं काम द्यावं लागतं. मग मैदानावर आडवे होऊन त्यांनी मला दाखवलं. नियमाचा अर्धा भाग मी ऐकलाच नव्हता. पाडायचं, सोडायचं, आणि सोडून ताबडतोब उभं राहायचं. पायांवर उभी असशील तर खाली पडलेल्या खेळाडूकडचा चेंडू तू घेऊ शकतेस. धरून बसलीस तर दंड. सोडलंस आणि उठलीस तर चेंडू तुझा. मी तीन महिने फक्त सोडायला शिकत होते. सोडून हात कुठे न्यायचे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा माझं बोट वर होतं.

त्या दिवसापासून नितीनच्या काखेतल्या उशीला अर्थ आला. पाड, सोड, ऊठ, उशी घे. फेब्रुवारीपर्यंत त्याला 'सोड' म्हणायची वेळ येईनाशी झाली. तो म्हणेपर्यंत उशी माझ्याकडे असायची.

शेवटची स्पर्धा फुजैराला होती. पहाटे बस निघाली, डोंगर ओलांडून गेली. करडे, बोडके डोंगर, आणि ते संपले की एकदम समुद्र. समुद्रात तेलाची जहाजं नांगर टाकून उभी होती, एकामागे एक, सगळी एकाच दिशेला तोंड करून. नितीन सुट्टी टाकून मागून मित्राच्या गाडीने आला होता. दुसऱ्या मॅचला आमच्या एका मुलीचा घोटा मुरगळला. ग्लेनसाहेबांनी आयोजकांच्या टेबलाकडे जाऊन माझा नोंदणीचा कागद दिला, परत आले आणि तिची जर्सी माझ्याकडे टाकली. माझ्या खांद्यांना ती दोन नंबर लहान होती. मी श्वास सोडून ती चढवली.

शेवटच्या मॅचमध्ये चार मिनिटं उरली असताना मी आत गेले. आम्ही हरत होतो आणि शेवटीही हरलोच, ते सांगून टाकते. मधल्या एका मिनिटाचीच ही गोष्ट आहे. समोरच्या संघाची एक दणकट मुलगी माझ्या डाव्या बाजूने, रेषेला धरून आली. माझा कोपरा. सगळ्या जगात मला ओळखीची असलेली ती एकच जागा. मी खाली गेले. घोटा हातात आला. माती नव्हती, आप्पा नव्हते, पण बोटांनी तो घोटा ओळखला आणि ती पडली. आणि मी सोडला. सोडला, उठले, वाकले, चेंडू घेतला. तिने जरा ओढून बघितलं. मग माझी पकड बघून सोडून दिला. मी तो मागे हुदाकडे फेकला आणि पुढे धावणाऱ्या कुणावर तरी आपटून पडले.

पुढे दोन वर्षं मी बारा जणींच्या यादीत होते. मग ओवीच्या वेळी थांबले. ग्लेनसाहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले. दर ऑक्टोबरात विद्यापीठाकडून जुन्या मुलींना मेसेज येतो: ट्रायल्स आहेत, बॅग धरायला या. बाकीच्या नोकऱ्यांत, कुणी कॅनडात, कुणी खार्टुमला परत. मी जाते. काल खिडकी उघडी ठेवूनच मी कपाटाच्या तळातून बूट काढले. एक नंबर मोठे, पुढे कापूस भरलेले. उद्या चार वाजता निघायचंय.

फुजैराची मॅच नितीनने मोबाइलवर टिपली होती. त्याच दिवशी मी तो व्हिडिओ आप्पांना पाठवला. आठवडाभर उत्तर नाही. मग शुक्रवारी त्यांचा फोन आला.

"पोरी, घोटा सोडलास तू," आप्पा म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"या खेळात सोडावा लागतो, आप्पा."

"कळलं. पुढं चेंडू धरलास तो बघितला. तो सोडला नाहीस."

"नाही."

"मग झालं तर." गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "पर कोपऱ्यात एकटीच उभी होतीस. उजवा हात कुणी धरला नव्हता तुझा."

"शेवटपर्यंत बघितलात का?" मी म्हटलं. "शिट्टी झाल्यावरचं?"

शिट्टी झाल्यावर मी आडवी पडलेली आहे, आणि हुदा धावत येते, माझा उजवा हात धरून मला उभी करते. मग दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत उभे राहतात, रांग पुढे सरकते. चित्र थरथरतंय, पण दिसतं. तिने तो हात सोडलेला नाही.

"थांब," आप्पा म्हणाले. "पुन्हा बघतो."